एक किलो चाळीस ग्रॅम

मनसर मागे पडलं तसा हायवे उंच झाला.
पुलाखालून वाघांसाठी सरकारी वाट काढलीय,
बनसोड ड्रायव्हर दर खेपेला सांगतो
आणि दर खेपेला मी खाली बघते.
वाघ नसतो. एक कुत्रं असतं, सावलीला.

पवनीला सगळ्या गाड्या डावीकडे वळल्या,
टोप्या, दुर्बिणी, चिप्सची पाकिटं,
एका पोराच्या गालावर रंगवलेले पट्टे.
आम्ही सरळ. मग एक कच्चं वळण. मग
ज्याला रस्ता म्हणायचं की नाही
हे दर पावसाळ्यानंतर ठरतं, त्याच्यावरून.

मांडीवर पेटी. मखमलीच्या खोबणीत
पितळी वजनं, एकेक ग्रॅम खात्रीचा,
खाली ठसे, हातोडी, पावतीपुस्तक.
बोदलटोल्याला वजनमापवाले
याआधी कधी गेले होते, ती फाईल
नागपूरच्या ऑफिसात कुणाला सापडली नाही.

फोन थरथरला: मध्य प्रदेश में आपका स्वागत है.
दहा पावलांवर पुन्हा महाराष्ट्र.
हापशी आपली, तिचं सांडपाणी त्यांचं.
हद्दीच्या दगडावर
कुणाचा तरी लाल परकर वाळत होता.

अंगणाअंगणात मोहफुलं पसरलेली.
वास इतका गोड की कपाळ ठणकावं.
"वाघ पाह्यला का, मॅडम?" एका म्हातारीनं विचारलं.
नाही म्हटलं.
"आमी बी नाई पाहत जी. तोच आमाले पाह्यते."

झनकलाल सरयामचं दुकान म्हणजे एक खिडकी.
मीठ, साबण, गुडाखू, फुग्यांचं एक पाकीट.
तागडी खुंटीला. आणि किलोचं वजन म्हणून
एक दगड. काळा, गुळगुळीत,
नदीनं घासला असावा असं मला वाटलं.
ना ठसा, ना शिसं, ना साल.

कलम सांगावं लागतं. सांगितलं.
तो हसला नाही, घाबरलाही नाही.
दगड सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला,
शेजारणीकडे बाळ देतात तसा.

पेटी उघडली. पोरं जमली.
एका पारड्यात दगड, एकात माझा किलो.
दगड खाली. वीस ग्रॅम टाकले.
तरी खाली. आणखी वीस.
काटा थरथरला, थांबला.

"म्हणजे मोह घेताना तुम्ही..."
"होय जी, जास्त येते. अन् मीठ देतो तवा
जास्त जाते. गोटा तोच हाय."
टोपली घेऊन उभी फुलवंती उईके म्हणाली,
"जड हाय हे ठाव होतं आमाले.
किती, ते आज समजलं."

कुठला दगड, विचारलं.
त्याचा हात धरणाकडे गेला.
"जुनं गाव तिकडं, पान्याखाली.
उठवलं तवा बापानं देव घेतले.
मी लहान होतो, मी हा घेतला.
माय यानं मिरची वाटे.
तवा आनखी जड असन. झिजते न जी,
रोज हात लागते.
येईन हळूहळू तुमच्या किलोवर."

जप्त करायचा असतो.
लेबल, लाख, गोदाम, मग उंदीर.
मी पेन उघडलं, बंद केलं, उघडलं.
रकान्यात लिहिलं: दुकान बंद आढळले.
बंद दुकानाच्या खिडकीतून झनकलाल
मला पाणी देत होता.

निघताना त्यानं ओंजळभर मोहफुलं दिली, न तोलता.
ठेवायला काही नव्हतं, पेटीतच टाकली.

सिल्लारीच्या फाट्यावर परतणारी वरात भेटली.
पट्ट्यांचं पोर झोपलं होतं, वाघ आईच्या खांद्याला पुसलेला.
"किती वजनं झाली?" बनसोडनं विचारलं.
"एक," मी म्हणाले, आणि ते खोटंच होतं,
कागदावर तर तेही नव्हतं.

फुलं कधीच काढून टाकली. मखमलीत वास बसलाय.
परवा साहेबांनी पेटी उघडली,
वाकून हुंगली,
आणि काही न बोलता लावून टाकली.